शेडातली बाई

उद्या नाथाजींचा फोटो भिंतीला लागायच्या आत शेडातली बाई आवारातून गेली पाहिजे, एवढं एकच शालूबाईनं सांगून ठेवलं होतं. कुठं जाते, कोण नेतं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. विका, कुणाला देऊन टाका, नाहीतर बंबात घाला. त्यांच्या वर्षश्राद्धाला ती बाई आवारात नको.

तिच्या मुलाला, पृथ्वीराजला, त्यात काही अडचण वाटली नाही. त्यानं पन्नाशी ओलांडली होती, पण ते चित्र कुणाचं, हे त्यानं जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. घरात त्याला एकच नाव होतं, शेडातली बाई. त्याचे वडील, आबा, तरुणपणी नायजेरियात होते. तिथल्या लष्करी शाळेत कवायत शिकवायला आपली एक तुकडी गेली होती, त्यात हवालदार नाथाजी माने. परत येताना त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून ते चौकटीतलं चित्र आणलं. काळ्याभोर तोंडाची बाई, डोक्यावर उंच टोपी, गळ्यात हनुवटीपर्यंत चढलेल्या पोवळ्याच्या माळा. शालूबाईनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बरीच वर्षं ते वैरणीच्या माळ्यावर पडून होतं. पुढं द्राक्षबाग झाली, बेदाण्याचं शेड झालं, तेव्हा आबांनी ते शेडाच्या खोलीत, गंधकाच्या पोत्यांच्या वर, स्वतःच्या हातानं टांगलं. शेडावरचे गडी त्या बाईला मालकीणबाई म्हणायचे, पण आबांच्या माघारी.

आईला ती का नको, हे पृथ्वीराजला मिसरूड फुटायच्या वयात आपोआप कळलं होतं. परदेशात एकटा राहिलेला जवान माणूस, आणि त्यानं जपून आणलेली बाई. असं आपोआप कळलेलं कुणी विचारत नाही.

घोळ घातला तो शिवतेजनं. पृथ्वीराजचा हा मुलगा पुण्याला नोकरीला. आजोबांच्या श्राद्धाला म्हणून दोन दिवस आधी आला आणि शेडात जाऊन त्यानं मोबाईलवर त्या चित्राचा फोटो काढला. सकाळी चहा पिता पिता त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं. असले पितळी मुखवटे तिथल्या राजवाड्यात होते. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी राजवाडा लुटून ते नेले. आता परदेशातली संग्रहालयं ते परत करायला लागलीत. आणि एखादा कधी लिलावात आला, तर त्याचा आकडा वाचताना बोट ठेवून शून्यं मोजावी लागतात.

इतकी वर्षं जे चित्र कुणाला नको होतं, ते चहाचे कप रिकामे व्हायच्या आत सगळ्यांना हवं झालं.

राजेश्वरी, पृथ्वीराजची धाकटी बहीण, साताऱ्याहून आदल्या दिवशीच आली होती. ती म्हणाली, चित्र आबांचं आहे. पृथ्वीराज म्हणाला, शेड माझ्या वाट्याला आलंय, तर शेडातलंही माझ्याच वाट्याचं. त्यावर ती हसली.

"गंधकाची पोती तुझी दादा. कुणी मागत नाही. चित्र आबांचं."

एरवी नणंदेचं बोलणं कानाआड करणारी रेश्मा स्वयंपाकघरातून म्हणाली की वन्संचं खरं आहे, आणि इतकी वर्षं त्या काचेवरची धूळ मीच पुसलीय, तेव्हा मलाही कुणीतरी विचारा. पृथ्वीराजनं बायकोकडं असं बघितलं की तिनं भाजी कशी चिरायची तेही विसरावं. पण ती चिरत राहिली.

शेवटी ठरलं ते असं, की जाणत्या माणसाला दाखवायचं. सांगलीत विश्रामबागला सम्मेद मगदूमचं दुकान होतं. फोटोच्या चौकटी, जुनी चित्रं, जुनं लाकूडसामान. त्याचे वडील रामगोंडा यांनी या भागातल्या निम्म्या घरांतले देव आणि निम्मे मेलेले चौकटीत बसवले होते. माजघराच्या दक्षिण भिंतीवरचा नाथाजींच्या वडिलांचा फोटोही त्यांच्याच हातचा.

त्या फोटोशेजारी आणखी एक खिळा होता. पुढं जुनं घर पाडून हे बांधलं तेव्हा नाथाजींनी गवंड्यासमोर उभं राहून दोन खिळे ठोकून घेतले होते. एकावर वडील गेले. दुसरा मोकळाच राहिला. शालूबाई त्यावर साखर कारखान्याचं कॅलेंडर लावायची. आबांनी आपली जागा धरून ठेवलीय, असं घरात गमतीनं म्हणायचे, आणि आबाही ते ऐकून घ्यायचे. नाही म्हणायचे नाहीत, हो म्हणायचे नाहीत. आता वर्ष झालं, त्यांचा फोटो टेबलावर हार घालून ठेवला होता. उद्या तो त्या खिळ्यावर जायचा होता.

सम्मेद दुपारी आला. चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. आल्याआल्या त्यानं सांगितलं की दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, घरी वाट बघतील, तेव्हा उजेड आहे तोवर उरकू. सोप्यात टेबल मांडलं होतं. पृथ्वीराजनं चित्र आणून त्यावर उताणं ठेवलं. सम्मेदनं खिशातून मऊ फडकं काढलं, ओलं केलं आणि काच वरून खाली पुसत आणली. रेश्मा धूळ पुसायची, पण गंधकाचा पिवळा थर धुळीखाली बसला होता. तो निघाला तसा बाईचा चेहरा वर आला.

राजेश्वरीला वाटलं, आपण ही आज पहिल्यांदा बघतोय. लहानपणी ती शेडात आबांच्या मांडीवर बसून बेदाणे खायची तेव्हा हे चित्र डोक्यावर असायचं, पण आईच्या धाकानं तिनं त्याच्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं. टोपी जाळीदार, मण्यांची, टोक पुढं वळलेलं. कपाळ रुंद. भुवयांच्या मध्ये दोन उभ्या जाड रेघा. पापण्या जड, खाली झुकलेल्या, जणू मांडीवर काही आहे आणि ती ते बघतेय. चित्राचा वरचा भाग असा ठसठशीत होता. पण नाकाच्या खाली रंग पातळ होत गेला होता, ओठांच्या जागी नुसता फिकट पिवळा डाग उरला होता. माळांचे मणी एका बाजूला दिसत होते, दुसऱ्या बाजूला विरून गेले होते.

सम्मेदनं भिंग लावून गालावर बराच वेळ बघितलं. मग भिंग शिवतेजच्या हातात दिलं.

"काय दिसतं?"

"ठिपके."

"रंगाचे बारीक ठिपके. म्हणजे छापील. वर्तमानपत्रातला फोटो जवळून बघा, असाच दिसेल. मूळ पितळी मुखवट्याचा फोटो काढून त्यावरून छापलेलं हे चित्र. अशा हजारो प्रती निघाल्या असतील."

"मग किंमत?" पृथ्वीराजनं विचारलं.

"चित्राला नाही. चौकट शिसवी आहे, हातकाम बरं आहे. चौकट मी घेईन."

 पृथ्वीराजनं मुलाकडं बघितलं. शिवतेजनं मोबाईल खिशात टाकला. सकाळपासून घरात फिरत असलेलं काहीतरी एकदम बसल्यासारखं झालं. त्यातून पृथ्वीराजला थोडं हलकंच वाटलं. बहिणीशी भांडायला आता काही उरलं नव्हतं.

सम्मेदनं चौकट पालथी घातली आणि मागची पट्टी उचकटली. सगळे नकळत पुढं वाकले. मागं काहीच नव्हतं. कुंभारमाशीनं केलेलं मातीचं एक घर, ते बोट लागताच फुटलं. बाकी कागद आणि पिवळसर भुकटी.

"गंधकानं खाल्लंय," तो म्हणाला. "बेदाण्याला धुरी देता तो धूर आत शिरतो. खालच्या फटीतून शिरला, म्हणून खालून गेलंय. घरात भिंतीवर असतं तर अजून नव्यासारखं राहिलं असतं."

शालूबाई माजघराच्या दारात उभी होती. कधीची आली ते कुणी बघितलं नव्हतं.

राजेश्वरीनं विचारलं, पण ही आहे तरी कोण? सम्मेदनं पुस्तकात वाचलं होतं तेवढं सांगितलं. तिथल्या राजाची आई. राजा गादीवर बसला की आईला मान म्हणून निराळा वाडा आणि पोवळी द्यायची. ती गेली की तिचा मुखवटा ओतून पुजायला ठेवायचा, आपण टाक करतो तसा. आणि एक रीत अशी सांगतात, की राजा झाल्यावर मुलानं आणि आईनं पुन्हा एकमेकांचं तोंड बघायचं नाही. ती तिच्या वाड्यात, तो त्याच्या. निरोप जायचे, माणूस जायचं नाही.

"आई?" शालूबाई म्हणाली.

"हो. राणीआई."

"म्हंजी ही कुनी खरी बाई न्हवं?"

"असेल कधीतरी. पण चार-पाचशे वर्षांपूर्वी."

 चार-पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईवर तिनं आयुष्यभर दात धरला होता. हे कळूनही तिचा राग लगेच सुटला नाही. इतक्या वर्षांचा राग असा सुटत नाही, त्याला नवं कारण सापडतं. ही नसेल ती बाई. पण हिच्यात कुणाला बघायला आणली? एवढी बाजारपेठ सोडून त्यांनी बायकोला लुगडं आणलं नाही, चित्र आणलं, ते कुणाच्या आठवणीसाठी?

"कुनाचीबी आई असंना," ती म्हणाली. "न्या तुमी. चौकटीसकट न्या. मला पैसं नगोत."

राजेश्वरी म्हणाली, मी साताऱ्याला नेते, माझ्या घरी लावते. आबांनी जपलेली वस्तू आहे. पृथ्वीराज चटकन म्हणाला, ने, माझी ना नाही. सकाळी जो तिला शेडाची वाटणी ऐकवत होता तोच आता बहिणीच्या बाजूनं आईला समजावू लागला, की साताऱ्याला गेलं म्हणजे आवारातून गेलंच की. पण शालूबाईनं मान हलवली. लेकीच्या भिंतीवरही नको. तिथं आले-गेले विचारणार, ही कोण, आणि लेक सांगणार, माझ्या वडलांनी आणलेली.

सम्मेदनं या माणसांकडं एकदा बघितलं. घराघरांत चौकटी द्यायला-न्यायला जाणाऱ्याला अशा वेळी गप्प राहायची सवय असते. त्यानं पट्टी परत बसवली आणि सुतळीचा तोडा मागितला.

तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. नाथाजींची थोरली बहीण बनुबाई हिला आणायला पृथ्वीराजनं सकाळीच गाडी कोरेगावला पाठवली होती.

बनुबाई गाडीतून उतरली ती काठी आधी टेकवून. कोरेगावपासून तासगावपर्यंत ती एकच विचार करत आली होती, शालू बोलेल का. या घरी ती लग्नाकार्याला आली होती, भावाच्या मातीला आली होती, पण प्रत्येक वेळी सोप्यात बसून, पाणी पिऊन गेली होती. भावजय वाकून पाया पडायची, ताट वाढायची, आणि बोलायची नाही. चूक कुणाची हे बनुबाईला माहीत होतं. तोंडातून गेलेला शब्द होता तो. परत घेता आला असता तर तिनं अनवाणी चालत येऊन घेतला असता.

पायऱ्या चढून ती सोप्यात आली. पृथ्वीराज पुढं झाला, आत्या बसा म्हणाला. तिनं ऐकलं नाही. ती टेबलाकडं बघत होती. सम्मेदच्या हातात सुतळी होती, चित्र उताणं पडलं होतं, आणि उतरतं ऊन तिरकं होऊन नेमकं त्या कपाळावर आलं होतं.

"ही कवा काडली?" बनुबाई म्हणाली.

कुणाला कळेना ती काय विचारतेय.

"नाथा तर म्हनायचा, आईचा फोटू न्हाई आपल्याकडं. मग ही कवा काडली?"

शिवतेजनं मोठ्यानं, ती बहिरी असल्यासारखं सांगितलं, की आत्याआजी, ही आफ्रिकेतली आहे, पितळेची, तिथल्या राजाची आई. बनुबाईनं हातानं त्याला थांबवलं.

"असंल रं बाबा. मी कुटं न्हाई म्हनते? पर आई अशीच बघायची. भाकरी थापताना. खाली." तिनं काठी पृथ्वीराजच्या हातात दिली आणि दोन्ही हात टेबलावर टेकून वाकली. काचेवरून बोट त्या दोन उभ्या रेघांवर फिरवलं. "ह्ये गोंदनबी तसंच. तिनं माझ्याबी कपाळाला काडून घेतलं. लय रडले हुते मी. तर म्हनली, माझी लेक म्हनून कुटंबी वळकू ईल."

तिच्या कपाळावर त्या दोन रेघा होत्या. हिरवट, सुरकुत्यांत मोडलेल्या, पण होत्या. वाकल्यामुळं तिचा चेहरा आणि चित्रातला चेहरा शेजारी शेजारी आले. सोप्यात उभ्या असलेल्या प्रत्येकानं ते बघितलं. रुंद कपाळ, जड पापण्या. सम्मेदनंही बघितलं आणि हातातली सुतळी खाली ठेवली.

बनुबाईचं बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"आनि तोंड कुटं गेलं हिचं?"

 सम्मेद हळू म्हणाला, "गंधकानं गेलं, आजी."

शालूबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

तिची सासू तानुबाई. लग्न होऊन शालूबाई सासरी आली तेव्हा सासरे नव्हते. सासू कुंकवाविना मोकळ्या कपाळाची, आणि त्या कपाळावर दोन रेघा. शालूबाईनं त्या बघितल्या होत्या, पण नव्या सुनेनं सासूच्या तोंडाकडं बघायचं ते किती? पदराखालून पायच जास्त बघितलेले. वर्ष-दीड वर्षाचा सहवास. मग पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी पलूसला गेली, नवरा तिकडं आफ्रिकेत, आणि इकडं सासू तापानं गेली. तिसऱ्या दिवशी पृथ्वीराज जन्मला. नाथाजींना तार मिळाली तोवर राखही सावडून झाली होती. बाराव्याला भरल्या मांडवात बनुबाई म्हणाली होती की नातू आजीला खाऊन आला. पलूसला ते शब्द बाळाच्या बारशाआधी पोचले. पुढं कितीतरी दिवस गावातल्या बायका बाळ बघायला यायच्या आणि ओटीत न घेता जायच्या.

आणि नाथाजी आले. ट्रंक सोप्यात उघडली. शालूबाईच्या मांडीवर पृथ्वीराज होता. चित्र बाहेर आलं. काळं तोंड आणि पोवळी, एवढंच तिला दिसलं. तिनं विचारलं होतं, ही कोन? ते सांगणार होते. तोंड उघडलं होतं त्यांनी, हे आता तिला स्वच्छ आठवलं. मग त्यांची नजर तिच्या मांडीकडं गेली. पोराकडं बघितलं, आणि तोंड मिटलं. ट्रंकेचं झाकण लावलं.

त्यांचं गप्प राहणं म्हणजे कबुली, असं ती तेव्हा धरून बसली.

बाराव्यातला तो शब्द त्यांच्याही कानावर आला होता, आणि दुसऱ्याच दिवशी ते कोरेगावला जाऊन बहिणीशी भांडून आले होते. माझ्या पोरासमोर आईचं मरण पुन्हा काढायचं नाही. ते बहिणीला सांगून आले आणि स्वतःही तसंच वागले. आईचं नाव त्यांच्या तोंडून या घरात कधी निघालं नाही. पितृपंधरवड्यात म्हाळाच्या दिवशी पाटावर तानुबाईच्या नावानं सुपारी मांडायची, फोटो नाही म्हणून. आणि कावळ्याचं पान घेऊन ते दरवर्षी शेडाकडं जायचे. घरामागं एवढं मोठं शेवरीचं झाड असताना शेडाकडं का, हा प्रश्न शालूबाईनं एकदा विचारला होता. तिकडं कावळं असत्यात, म्हणाले होते. ती मनात म्हणाली होती, तिकडं कोण असतं ते मला ठाऊक हाय. एके वर्षी तिनं त्या पानात मुद्दाम भज्याऐवजी नुसता भात वाढला होता. त्यांनी पान बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि तसंच घेऊन गेले.

आता विचारायला कोण होतं?

"आबांनी आम्हाला का सांगितलं नाही?" पृथ्वीराज म्हणाला. त्याचा आवाज घरातल्यांना ओळखू येत नव्हता. काठी अजून त्याच्याच हातात होती. "आजीसारखी दिसते म्हणून आणली, एवढंच सांगायचं होतं. मी माझ्या हातानं घरात लावली असती. का नाही सांगितलं, आत्या?"

बनुबाईनं त्याच्याकडं बघितलं. पिकल्या मिशांचा, नातवंडं व्हायच्या वयाला आलेला माणूस. मग तिनं दाराकडं, खाली बसलेल्या भावजयीकडं बघितलं. तिचे ओठ हलायला लागले.

"बाळा, त्येचं असं हाय, की मी..."

"वन्सं," शालूबाई म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं बनुबाईला हाक मारली नव्हती.

"वन्सं, बसा. लांबनं आलाय. पानी घ्या."

बनुबाईनं तोंड मिटलं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. पृथ्वीराज पुन्हा म्हणाला, "आई, तुला माहीत आहे का?"

"मला काय म्हाईत? मला दाखवाया काडलं तवा मीच वराडले. मग त्येंनी न्हाई सांगितलं. माझ्या सोबावाला भ्यालं. दुसरं काय न्हाई."

पृथ्वीराजनं ते मान्य केलं. आईचा स्वभाव त्याला माहीत होता. पण राजेश्वरी आईकडं बघत राहिली. तिला काहीतरी समजलं आणि काहीतरी समजलं नाही, आणि न समजलेलं आता कुणी सांगणार नाही हेही समजलं. ती उठून पाणी आणायला आत गेली.

सम्मेदनं फाटकापलीकडच्या उन्हाकडं बघितलं. ते द्राक्षांच्या मांडवावर टेकलं होतं. त्यानं विचारलं, काय करू? शालूबाईनं सांगितलं, ऱ्हाऊ दे, न्हेऊ नका. तो म्हणाला, गेलेला रंग परत यायचा नाही. पण हवं तर खालचा खराब भाग कापतो, कपाळ आणि डोळे तेवढे ठेवून लहान चौकटीत बसवतो, चांगलं दिसेल. काल कुणी हे विचारलं असतं तर शालूबाईनं अख्खंच कापा म्हटलं असतं.

"कापू नगा," ती म्हणाली. "गेलं तेबी तिचंच हाय. जागा ऱ्हाऊ द्या."

त्यानं आतून काच पुसली, खालची फट कागदाच्या पट्टीनं नीट बंद केली आणि चौकट परत ठोकली. जाताना राजेश्वरीनं त्याच्या येण्याजाण्याचे पैसे विचारले. तो म्हणाला, किंमत करायला बोलावलं होतं, ती काही मला जमली नाही, आणि गाडीत बसला.

सकाळी घर लवकर उठलं. गुरुजींनी पाट मांडले. रेश्मा आणि राजेश्वरी स्वयंपाकात होत्या. बनुबाई या खेपेला सोप्यात नव्हती. माजघरात भिंतीला टेकून ती तांदूळ निवडत होती आणि शालूबाई समोर बसून पानं पुसत होती. दोघी फारसं बोलत नव्हत्या. मधेच बनुबाई म्हणाली, आईला भजी लय आवडायची. शालूबाईचा हात पानावर थांबला. मग ती उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि सुनेला म्हणाली, भज्याचं पीठ जास्त भिजव. दोन पानं काढायची हैत.

गुरुजी म्हणाले, फोटो लावून घ्या. पृथ्वीराजनं स्टुल ओढलं, खिळ्यावरचं कॅलेंडर काढून शिवतेजच्या हातात दिलं आणि टेबलावरचा आबांचा फोटो मागितला.

"त्यो खिळा त्येंचा न्हवं," शालूबाई म्हणाली.

सगळे थांबले. ती सोप्यात गेली आणि चित्र दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आली. शिसवी चौकट जड होती, पण तिनं ती कुणाला घेऊ दिली नाही. स्टुलाशी आल्यावर वर केली.

पृथ्वीराजनं चित्र घेतलं आणि टांगलं. खिळा कॅलेंडरासाठी मारलेला नव्हताच, चांगला जाड होता, त्यानं वजन सहज पेललं. वडिलांच्या फोटोशेजारी, इतकी वर्षं मोकळ्या ठेवलेल्या जागेत, चौकट बरोबर मापात बसली. पृथ्वीराज स्टुलावरून त्या कपाळाकडं बघत राहिला. मग त्यानं खिशातला रुमाल काढून काच उगाचच पुसली.

"आणि आबांचा?" त्यानं विचारलं.

"त्येंच्यासाटी दुसरा मार. हिच्या खाली."

शिवतेजनं हातोडी आणून दिली. पृथ्वीराजनं चौकटीच्या खाली वीतभर अंतरावर खिळा धरला आणि आईकडं बघितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तो स्टुलावरून उतरला, आणखी खाली धरला.

"आनकी खाली घे."

"आई, किती खाली? बसणाऱ्याचं डोकं लागेल फोटोला."

"लागू दे," शालूबाई म्हणाली. "तिची नजर खाली हाय."